फ्रेंच विनोदी चित्रपट आणि त्यांतल्या अभिनेत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच विनोदी सिनेमे बघायला कुठून सुरुवात करावी?

बहुतेक याद्यांत पहिलं नाव 'आमेली'चं असतं. झां-प्येर झनेचा २००१ सालचा सिनेमा, मोंमार्त्रचा परिसर, ओद्रे तोतूचे टपोरे डोळे. सिनेमा देखणा आहेच, पण सुरुवात त्याने करू नये असं आमचं मत आहे. हिरव्या-लाल रंगात माखलेल्या चौकटी, सतत बोलणारा निवेदक आणि कमी संवाद ही झनेची स्वतःची शैली आहे. फ्रेंच विनोद एरवी चालतो तो बोलण्यावर. 'आमेली' आधी पाहिला की लोक दुसरी 'आमेली' शोधत बसतात. ती सापडत नाही.

पहिला सिनेमा म्हणून 'आंत्वानेत दां ले सेवेन' (२०२०) घ्या. लोर कालामी यात प्राथमिक शाळेतली शिक्षिका आहे. एका विद्यार्थिनीच्या विवाहित वडिलांवर तिचं प्रेम आहे. तो सुट्टीत बायको-मुलीला घेऊन सेवेनच्या डोंगरात पायी फिरायला जातो, तशी ही एक गाढव भाड्याने घेऊन त्याच्या मागावर निघते. गाढवाचं नाव पात्रिक. ते अडून बसतं, आणि ती आपल्या प्रेमाची कर्मकहाणी त्याला सांगू लागली की चालायला लागतं. गोष्ट सरळ आहे आणि मागचे संदर्भ ठाऊक नसले तरी काही अडत नाही.

दुसरा 'ल दिने द कों' (१९९८): एक घर, एक रात्र, ८० मिनिटं. तिसरा 'ल गू देझोत्र' (२०००). चौथा 'युइ फाम' (२००२). एवढे चार झाले की 'स्प्लांदिद' या नाटकमंडळीच्या जुन्या सिनेमांकडे वळा, त्याआधी नको. कारण पुढे येईलच.

फ्रेंच विनोद म्हणजे नेमका कुठल्या प्रकारचा?

एकच प्रकार नाही. ढोबळमानाने चार घराणी सांगता येतील.

पहिलं 'बुल्व्हार', म्हणजे पॅरिसच्या रंगभूमीवरचा फार्स. लपलेला प्रियकर, चुकीच्या वेळी उघडणारं दार, एकातून दुसरं निघणारं खोटं. मराठी प्रेक्षकाला हे ओळखीचं वाटतं. आपल्याकडेही फार्सची मोठी परंपरा आहे आणि मोलिएर हा फ्रेंच नाटककार तर आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक'मधून केव्हाच मराठीत आणला. दुसरं घराणं कॅफे-थिएटरचं, उद्धट आणि मोकाट. तिसरं रीतिरिवाजांच्या विनोदाचं: जेवणाचं टेबल, कुटुंब, वर्गभेद आणि टोमणे. चौथं जोडगोळीचं, एक शहाणा आणि एक वेंधळा. लेखक-दिग्दर्शक फ्रांसिस वेबेर यातला उस्ताद, पण त्याच्या जोड्या बहुतेक पुरुषांच्याच. अभिनेत्रींसाठी म्हणून बघायचं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यावर भर द्या.

कॅफे-थिएटर हे काय प्रकरण आहे?

१९६८च्या सुमाराला पॅरिसमध्ये तरुण नटांनी छोट्या जागा भाड्याने घेऊन स्वतः लिहिलेली नाटकं करायला सुरुवात केली. नेपथ्य, तिकीटविक्री, झाडलोट सगळं आपलं आपणच. 'काफे द ला गार'मधून मियू-मियू आली, कोल्युश आणि पात्रिक दवेर आले. पुढे सत्तरच्या दशकात 'ल स्प्लांदिद' उभं राहिलं. त्यातले क्रिस्त्यां क्लाव्ह्ये, मिशेल ब्लां, झेरार झ्युन्यो आणि त्येरी लेर्मित हे शाळेपासूनचे मित्र. त्यांना जोझियान बालास्को आणि मारी-आन शाझेल येऊन मिळाल्या. यांतल्या बहुतेकांना अभिनय शिकवला तो त्सिला शेल्तन या नटीने.

इथली खरी नवलाई लेखनात होती. नाटक सगळे मिळून लिहायचे, त्यामुळे स्वतःची भूमिका प्रत्येकाने स्वतः घडवलेली असायची. तोवरच्या विनोदी सिनेमात बाईच्या वाट्याला दोनच जागा होत्या: नायकावर डाफरणारी बायको किंवा त्याचं डोकं फिरवणारी सुंदरी. बालास्को आणि शाझेल यांनी कुरूप, कजाग, बावळट, भुकेल्या, हट्टी बायका रंगवल्या. आपण रंगमंचावर सुंदर दिसलंच पाहिजे ही अट त्यांनी स्वतःवरून काढून टाकली. पुढच्या चाळीस वर्षांतल्या फ्रेंच विनोदी अभिनेत्रींना जी मोकळीक मिळाली तिचं मूळ इथे आहे.

यांचं एक नाटक 'ले ब्रोंझे' (१९७८) या नावाने पडद्यावर आलं, दिग्दर्शक पात्रिस लकोंत. पुढच्याच वर्षी बर्फातला दुसरा भाग आला आणि २००६ला तिसरा. तिसऱ्याने गल्ला खूप जमवला, पण तो बघितला नाही तरी काही बिघडत नाही.

'ल पेर नोएल एत्युन ऑर्द्यूर' फ्रेंच लोकांना तोंडपाठ असतो म्हणतात. मला हसू का येत नाही?

कारण त्यातली मंडळी कोण आहेत हे फ्रेंच प्रेक्षकाला पहिल्या वाक्यात कळतं, आपल्याला कळत नाही. सिनेमा १९८२चा, दिग्दर्शक झां-मारी प्वारे. नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसमध्ये एका मदतवाहिनीचं कार्यालय चालू आहे. जीव द्यायला निघालेल्या लोकांनी इथे फोन करायचा. फोनवर आहेत तेरेझ (आनेमोन) आणि प्येर (लेर्मित): सभ्य, सात्त्विक, चांगल्या घरचे, आणि समोरच्या दुःखापुढे पूर्ण निरुपयोगी. विनोद आहे तो या सभ्यपणाचा.

भेटवस्तूंचा प्रसंग नीट बघा. तेरेझने स्वतः विणलेली एक वस्तू प्येरला दिली आहे. तो घडी उलगडतो आणि आनंदाने म्हणतो, वा, फरशी पुसायचं फडकं! ती शांतपणे सांगते की ते जाकीट आहे. आनेमोन इथे दुखावल्याचा अभिनय करत नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवते, फक्त आवाज किंचित खाली येतो. हसू टिकवण्याची ही धडपडच सगळ्यात विनोदी आहे. बालास्को याच कार्यालयातली मादाम म्युस्कँ. ती लिफ्टमध्ये अडकते आणि बराच वेळ तिथेच राहते. शाझेलची झेझेत गरोदर, गरीब आणि निर्लज्ज आहे.

एक सूचना: प्येर आणि तेरेझ एकत्र काम करतात तरी एकमेकांशी अहो-जाहोच करतात. इंग्रजी उपशीर्षकांत ते दिसत नाही, पण मराठी कानाला 'व्हू' (तुम्ही) आणि 'त्यू' (तू) यांतला फरक एकदा कळला की लगेच पकडता येतो. कोण कोणाला केव्हा अरे-तुरे करू लागतं इकडे लक्ष ठेवा. सगळ्याच फ्रेंच विनोदी सिनेमांत त्याचा उपयोग होतो.

आणि हेही सांगायला हवं की या सिनेमातले काही विनोद, विशेषतः स्त्रीवेशातल्या पात्रावरचे आणि परदेशी शेजाऱ्यावरचे, आज खटकतात.

स्वतः लिहिणाऱ्या-दिग्दर्शित करणाऱ्या अभिनेत्री कोणत्या?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. फ्रेंच विनोदी सिनेमाची वाट शोधताना नायिकेचं नाव पाहण्यापेक्षा लेखिकेचं नाव पाहावं. बऱ्याचदा ती एकच बाई असते.

जोझियान बालास्को: 'गाझों मोदी' (१९९५) लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात काम केलं. बाहेरख्याली नवऱ्याला कंटाळलेली बायको (व्हिक्टोरिया आब्रिल) दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडते. ती दुसरी बाई म्हणजे व्हॅन चालवत आलेली, सिगार ओढणारी बालास्को. पटकथेसाठी तिला सेझार हा फ्रान्सचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

आन्येस झावी: झां-प्येर बाक्रीसोबत तिने लिहिलेले सिनेमे हे तिसऱ्या घराण्याचं शिखर आहे. 'अँ एर द फामीय' (१९९६) आधी नाटक होतं. एका कुटुंबाची सून (कात्रीन फ्रो), तिचा वाढदिवस, आणि तिला भेट मिळतो कुत्र्याचा गळपट्टा. 'ल गू देझोत्र' झावीने स्वतः दिग्दर्शित केला. रूआं शहरातला एक मिशाळ कारखानदार नाटकातल्या नटीच्या प्रेमात पडतो. नटी त्याची इंग्रजीची शिक्षिकाही आहे. तिच्या कलावंत मित्रांच्या टोळक्यात तो हास्यास्पद ठरतो, आणि हळूहळू कळतं की हास्यास्पद तो नाही, टोळकं आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार याला मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. बाक्री २०२१च्या जानेवारीत गेला. या जोडीचं लेखन तिथे थांबलं.

वालेरी लमर्सिये: 'ले व्हिझितर'मधली (१९९३) तिची बेआत्रीस जुन्या सरदार घराण्यातली आहे. स्वर लांबवून, ओठ न हलवता बोलायची तिची तऱ्हा फ्रान्समध्ये आजही नकलाकार वापरतात. हा सिनेमा फ्रान्समध्ये १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. (तिथे यश पैशात मोजत नाहीत, विकलेल्या तिकिटांत मोजतात.) दुसऱ्या भागात, १९९८ला, तिच्या जागी म्युरिएल रोबँ आहे, आणि फरक पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो. लमर्सियेने पुढे स्वतः सिनेमे केले. 'आलीन' हा सेलिन डिऑनच्या आयुष्यावर बेतलेला. त्यात लहानपणापासून प्रौढ वयापर्यंतची आलीन तिने स्वतःच रंगवली आहे. लहान मुलीच्या अंगावर पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा चेहरा पाहून आधी दचकायला होतं, मग डोळा सरावतो.

नोएमी ल्वोव्स्कीचा 'कामीय रदूब्ल' (२०१२) याच रांगेतला. चाळिशीची बाई शुद्ध हरपते आणि सोळाव्या वर्षात जागी होते, पण दिसते चाळिशीचीच. सेझारची १३ नामांकनं, पुरस्कार एकही नाही. योलांद मोरोचा 'कां ला मेर मोंत' (२००४) आणि कारोलीन व्हिन्यालने लिहून दिग्दर्शित केलेला, वर सांगितलेला गाढवाचा सिनेमा हेही बघा.

'युइ फाम'मध्ये आठ अभिनेत्री आहेत. कोण कोण, आणि विनोद कुठे आहे?

दान्येल दारियू, कात्रीन दनव, इझाबेल युपेर, एमान्युएल बेआर, फानी आर्दां, विर्जिनी लद्वायें, ल्युदिव्हीन सान्ये आणि फिर्मीन रिशार. पन्नासच्या दशकातलं बर्फाने वेढलेलं घर, घरातल्या एकुलत्या पुरुषाच्या पाठीत सुरा, फोनची तार तोडलेली, आठही बायका संशयित. फ्रांस्वा ओझोंने रोबेर तोमाच्या नाटकावरून हा सिनेमा केला. प्रत्येकीला एकेक गाणं आहे आणि प्रत्येक गाण्यात ती बाई पहिल्यांदाच खरं बोलते. बर्लिन महोत्सवात आठही जणींना मिळून रौप्य अस्वल मिळालं.

युपेरकडे लक्ष द्या. आजारांची हौस असलेली, चश्मा लावणारी अविवाहित बहीण. ती वाक्यं इतक्या वेगात आणि चिडून बोलते की समोरच्या व्यक्तीला मध्ये बोलायला फटच मिळत नाही. गंभीर भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नटीला विनोदाची केवढी जाण आहे ते इथे दिसतं. दारियू दनवची आई आहे. १९६७च्या 'ले द्म्वाझेल द रोशफोर'मध्येही ती दनवची आईच होती. ओझोंचेच 'पोतिश' (२०१०) आणि 'मों क्रीम' (२०२३) यानंतर लागोपाठ बघता येतात. 'पोतिश'मध्ये दनव छत्र्यांच्या कारखानदाराची शोभेची बायको आहे. नवरा आजारी पडतो आणि ती कारखाना त्याच्यापेक्षा चांगला चालवते.

विनोदी नट लुई द फ्युनेसच्या काळात अभिनेत्रींना काही स्थान होतं का?

थोडं. त्याचा 'ला ग्रांद व्हाद्रूय' (१९६६) हा १ कोटी ७० लाखांहून जास्त तिकिटं विकणारा सिनेमा. फ्रेंच सिनेमांतला हा विक्रम २००८ला 'ब्यँव्हन्यू शे ले श्ती'ने मोडला. पण त्यात बायका कथेला पुढे ढकलण्यापुरत्या आहेत. अपवाद क्लोद झांसाकचा. अनेक सिनेमांत ती द फ्युनेसची बायको होती. तो लाडाने 'मा बिश', माझी हरिणी, म्हणायचा. तो आदळआपट करत असताना ती शांत उभी राहते. ती शांत नसती तर त्याचा आरडाओरडा निव्वळ गोंगाट झाला असता.

त्याआधीच्या काळातले दोन सिनेमे विसरू नका. 'ला केर्मेस एरोइक' (१९३५): स्पॅनिश सैन्य गावावर चालून येतं, पुरुष लपून बसतात आणि फ्रांस्वाझ रोझेच्या पुढाकाराने बायका परिस्थिती हातात घेतात. आणि 'फ्रिक-फ्राक' (१९३९), त्यात आर्लेतीची पॅरिसच्या गल्लीतली बोली.

या सगळ्या फ्रेंचच आहेत का?

नाही. योलांद मोरो, सेसील द फ्रांस, विर्जिनी एफिरा आणि देबोरा फ्रांस्वा या बेल्जियन. नावात 'फ्रांस' असलेली सेसीलसुद्धा नाम्युरची. बेरेनीस बेजो ब्वेनोस आइरेसला जन्मली. बेल्जियममधून येणाऱ्या नट्यांचा विनोद किंचित वेगळा असतो, चेहरा कोरा ठेवून केलेला. मोरो याचं उत्तम उदाहरण.

विनोदी भूमिकेला सेझार मिळतो का? की पुरस्कार फक्त रडक्या भूमिकांना?

सेझारचा पहिला सोहळा १९७६ला झाला. विनोदासाठी वेगळा विभाग नाही. वर्षानुवर्षं विनोदाला मान मिळाला तो सहायक अभिनेत्रीच्या विभागात. एलेन व्हँसां १९८९ला, लमर्सिये १९९४ला, फ्रो १९९७ला, झावी १९९८ला, आन आल्व्हारो २००१ला. वालेरी बँगिगीला २०१३ला 'ल प्रेनों'साठी मिळाला. ते अख्खं प्रकरण बाळाच्या नावावरून जेवणाच्या टेबलावर पेटणाऱ्या भांडणाचं आहे.

गेल्या काही वर्षांत हा मान मुख्य भूमिकेकडे सरकला आहे. सांद्रीन किबेर्लँ २०१४ला 'नफ म्वा फेर्म'साठी: कडक, एकटी राहणारी न्यायाधीश गरोदर आहे असं तिला कळतं आणि बाप म्हणून नाव निघतं एका कुप्रसिद्ध चोराचं. आदेल एनेल २०१५ला 'ले कोंबातां'साठी. जग बुडणार म्हणून तयारी करणारी ही मुलगी अख्खा कच्चा मासा मिक्सरमधून काढून पिते आणि चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. मग फ्रो २०१६ला 'मार्गरीत'साठी, कालामी २०२१ला गाढवाच्या सिनेमासाठी, लमर्सिये २०२२ला 'आलीन'साठी. चांगला विनोदी सिनेमा शोधायचा तर हे दोन विभाग वर्षवार वाचत जाणं हा सोपा मार्ग आहे. निव्वळ गल्ल्याची यादी वाचलीत तर निम्मा वेळ वाया जाईल.

वयस्कर अभिनेत्रींना चांगल्या विनोदी भूमिका मिळतात?

मिळतात, आणि त्या गोड आजीच्या नसतात. 'ताती दान्येल' (१९९०) बघा. सत्तरीतल्या त्सिला शेल्तनने रंगवलेली आत्या खोटारडी, कपटी आणि कृतघ्न आहे. शेवटीही तिचं हृदयपरिवर्तन वगैरे होत नाही. बेर्नादेत लाफोंची 'पोलेत' (२०१३) पेन्शन पुरत नाही म्हणून गांजा विकू लागते. 'युइ फाम'च्या वेळी दारियू चौऱ्याऐंशी वर्षांची होती.

'दी पूर सां' ही मालिका या यादीत बसते का?

सिनेमा नसला तरी बसते. फ्रांस २ वाहिनीवर २०१५ ते २०२० या काळात चार पर्व, एकूण २४ भाग. नटनट्यांच्या एजंटांची कचेरी, आणि दर भागात एखादी खरी तारका स्वतःच्याच भूमिकेत. पहिल्याच भागात सेसील द फ्रांसला वयामुळे हॉलिवूडचा सिनेमा हातचा जायची वेळ येते. कामीय कोतँ आणि लोर कालामी या दोघींना जगभर ओळख मिळाली ती इथून. २०२१ला याचं मुंबईत घडणारं हिंदी रूपही आलं. आधी मूळ बघा.

एकाच सिनेमाची तीन-तीन नावं का दिसतात? शोधू कसं?

इंग्रजी वितरक नाव बदलतात. 'गाझों मोदी' इंग्रजीत 'फ्रेंच ट्विस्ट' होतो, 'ओर द प्री' होतो 'प्राइसलेस', 'ले कोंबातां' होतो 'लव्ह अॅट फर्स्ट फाइट', आणि गाढवाचा सिनेमा 'माय डाँकी, माय लव्हर अँड आय'. शोधताना सिनेमाचं नाव टाकण्यापेक्षा दिग्दर्शकाचं आडनाव आणि साल टाका. निकाल आला की लांबी तपासा. पुनर्निर्मिती असेल तर लांबी आणि साल दोन्ही जुळत नाहीत.

अमेरिकन नकला टाळा. 'त्र्वाझॉम ए अँ कुफँ' (१९८५), 'ले व्हिझितर', 'ल दिने द कों' या सगळ्यांच्या झाल्या आहेत. 'ला फामीय बेलिये'वरून (२०१४) केलेल्या 'कोडा'ने ऑस्कर जिंकलं, तो मात्र वेगळा सिनेमा म्हणून जरूर बघा. आपल्याकडचा 'भेजा फ्राय' (२००७) 'ल दिने द कों'च्याच कथेवर उभा आहे. विनय पाठक आणि सारिका यांचं काम चांगलं आहे, पण मूळ नंतर पाहिलंत तर पुढचं सगळं आधीच कळलेलं असेल.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हे सिनेमे कुठे बघायला मिळतात?

मुंबई आणि पुण्यातल्या आलियांस फ्रांसेझ या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या संस्थेत अधूनमधून खेळ होतात. सूचना त्यांच्या संकेतस्थळावर येतात. पुण्याचा 'पिफ' आणि पणजीचा 'इफ्फी' या चित्रपट महोत्सवांत दरवर्षी फ्रेंच सिनेमे असतात, पण विनोदी कमी. वेळापत्रक आलं की दिग्दर्शकाच्या नावाने चाळा. पुण्यातला आशय आणि मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायट्यांचं सभासदत्व घेतलंत तर देशोदेशीचे सिनेमे नियमित पाहता येतात.

घरी बसून: फ्रेंच सिनेमाचा परदेशात प्रसार करणाऱ्या युनिफ्रांस या संस्थेचा ऑनलाइन महोत्सव 'माय फ्रेंच फिल्म फेस्टिव्हल' साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतो. टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या मोफत सेवेवरही सिनेमे असतात. ओटीटीवरचे सिनेमे येतात-जातात, त्यामुळे यादीत दिसला की त्याच आठवड्यात बघून टाका.

फ्रान्सहून डीव्हीडी मागवली, पण इथे चालत नाही. काय चुकलं?

विभाग (रीजन), म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा संकेत. फ्रान्सची डीव्हीडी विभाग २ची असते, भारत विभाग ५मध्ये. ब्लू-रेला फ्रान्स 'बी' आणि भारत 'सी'. सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागतो. दुसरी चूक जास्त महागात पडते: फ्रेंच सिनेमाच्या फ्रेंच डिस्कवर बहुधा इंग्रजी उपशीर्षकं नसतात, ऐकू न येणाऱ्यांसाठीची फ्रेंच उपशीर्षकं तेवढी असतात. मागवण्याआधी मागच्या वेष्टनावरचा उपशीर्षकांचा रकाना वाचा. फ्रेंच येत नसेल तर इंग्लंडमध्ये निघालेली आवृत्ती घ्या.

उपशीर्षकं संवादाच्या मागे-पुढे पडतात. कशी जुळवायची?

विनोदी सिनेमात हे सहन करू नका. अर्धा सेकंद चुकला तरी वाक्याचा जीव जातो. आधी दोष ओळखा. सिनेमातला पहिला आणि शेवटचा संवाद तपासा.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर फाइल फक्त सरकवायची आहे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळा एका दाबात ५० मिलिसेकंद मागे-पुढे करतात.

फरक वाढत जात असेल तर चौकटींचा वेग जुळत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोपीय डीव्हीडीसाठी तो २५ने चालवतात, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा सुमारे ९६ मिनिटांत संपतो. २४च्या हिशेबाची उपशीर्षकं अशा फाइलवर लावली की शेवटी ती चारेक मिनिटं मागे पडतात. इथे सरकवून उपयोग नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट बदलायचा पर्याय निवडा, २३.९७६ वरून २५ करा आणि नव्या नावाने जतन करा. उपशीर्षकं उलट पुढे पळत असतील तर आकडेही उलटे टाका.

स्वरचिन्हं असलेल्या अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसत असतील तर एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा, घोळ आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे अक्षरं नीट दिसली तरच 'यूटीएफ-८' निवडून जतन करा. तिथेही बिघडलेली दिसत असतील तर जतन करू नका, चूक कायमची होईल.

इंग्रजीत डब केलेली आवृत्ती शक्यतो बघूच नका. लमर्सियेचा आवाज काढून टाकला तर बेआत्रीसमध्ये काही उरत नाही.

मुलांसोबत बघता येतील का?

फ्रेंच प्रमाणपत्रावर विसंबू नका. 'सर्वांसाठी' हा शेरा तिथे आपल्या 'यू'पेक्षा बराच सैल असतो. 'आमेली' फ्रान्समध्ये सर्वांसाठी होता, अमेरिकेत त्याला प्रौढांच्या जवळचं 'आर' मिळालं. त्यात शरीरसंबंधांची दृश्यं आहेत. मुलांसाठी 'ले व्हिझितर' आणि 'ला ग्रांद व्हाद्रूय' त्यातल्या त्यात बरे. स्प्लांदिदचे सिनेमे, 'गाझों मोदी' आणि 'नफ म्वा फेर्म' मोठ्यांसाठीच ठेवा.

फ्रेंच शिकतोय. कुठला सिनेमा उपयोगी पडेल?

'ल दिने द कों'. एकच घर, मोजकी पात्रं, स्पष्ट उच्चार, आणि फोनवरचे लांब संवाद. 'युइ फाम'ही चांगला, कारण मूळ नाटक असल्याने वाक्यं पूर्ण असतात. 'ब्यँव्हन्यू शे ले श्ती' नको, त्यातली उत्तरेकडची बोली हाच विनोदाचा विषय आहे. एकदम सगळा सिनेमा घेऊ नका. तीन-चार मिनिटांचा प्रसंग निवडा: आधी इंग्रजी उपशीर्षकं, मग फ्रेंच, मग काहीच नाही. तिसऱ्या वेळी वाक्य थांबवून नटीच्याच वेगात म्हणून बघा.

कॉलेजात किंवा सोसायटीत खेळ लावायचा आहे. परवानगी लागते?

लागते. ओटीटीची वर्गणी किंवा विकत घेतलेली डिस्क घरगुती वापरापुरती असते, तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला ती चालत नाही. सर्वांत सोपी वाट म्हणजे आलियांस फ्रांसेझला लिहिणं. फ्रेंच सांस्कृतिक संस्थांच्या जाळ्याकडे बिगरव्यावसायिक खेळांसाठी हक्क घेतलेले सिनेमे असतात. पत्रात तारीख, जागा, आसनसंख्या, प्रवेश मोफत आहे की नाही आणि उपशीर्षकांची भाषा लिहा. एकाच सिनेमाचं नाव देऊन अडून बसू नका, तीन नावं द्या. खेळाच्या आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवरून दहा मिनिटं चालवून बघा आणि शेवटच्या रांगेत बसून उपशीर्षकं वाचता येतात का ते तपासा. सपाट सभागृहात पडद्याचा खालचा भाग पुढच्या डोक्यांआड जातो, म्हणून पडदा डोक्यांच्या वर येईल एवढा उंच टांगा.